सत्तावीस मुलांचं एकच चुकीचं उत्तर

"मायनस थ्री, मायनस फाइव्ह. किती?" मिस प्रिचर्डनी विचारलं.

सोमवार होता. सकाळचे आठ वाजून दहा मिनिटं. माझा चहापण झाला नव्हता.

"मायनस एट," मी म्हणालो.

"चला. निदान तुला तरी येतंय." त्यांनी टेबलावरचा पेपरांचा गठ्ठा माझ्याकडे सरकवला. "तुझ्या वर्गाला येत नाही."

मिस प्रिचर्ड म्हणजे आमच्या शाळेच्या हेड ऑफ मॅथ्स. वेल्सच्या. बोलताना आवाज टेकडी चढतो आणि उतरतो. इकडे सगळे टीचर्स एकमेकांना पहिल्या नावानं हाक मारतात, हेडला, म्हणजे मुख्याध्यापिकेला सुद्धा. त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "कॉल मी ग्वेन." मी बार्शीच्या शाळेत शिकलोय. आमच्याकडे हेडसरांच्या सायकललासुद्धा लोक अहो म्हणायचे. ग्वेन काही तोंडातून निघत नाही. मी मिस म्हणतो, पोरं म्हणतात तसं.

गठ्ठा यिअर एट, सेट फोरचा होता. यिअर एट म्हणजे बारा-तेरा वर्षांची पोरं, आपली सातवी. सेट म्हणजे फक्त गणितापुरती केलेली तुकडी. सेट वनमध्ये हुशार, मग उतरत्या भाजणीनं खाली. आमच्याकडे एकूण पाच सेट. म्हणजे सेट फोर हा काही तळ नाही, पण तिथून तळ स्वच्छ दिसतो.

इथे आपल्या वर्गाची टेस्ट आपण तपासत नाही. अदलाबदल करतात. माझे पेपर मिस्टर फॅरोंकडे गेले होते. शेजारच्या वर्गातला माणूस, वीस वर्षं शिकवतोय, लाल पेन कानावर.

"प्रश्न सातवा बघ," मिस म्हणाल्या.

प्रश्न सातवा ऋण संख्यांचा. म्हणजे शून्याच्या खालच्या संख्या, ज्यांच्या आधी वजाचं चिन्ह असतं. पहिलं गणित: −३ − ५. मी पहिला पेपर बघितला. उत्तर ८. वजा आठ नाही, नुसतं आठ. दुसरा पेपर. आठ. तिसरा. आठ. त्याखालचं गणित −४ − ६. दहा, दहा, दहा.

"अठ्ठावीस मुलं," मिस म्हणाल्या. "सत्तावीस जणांचं आठ आणि दहा. तेच सत्तावीस. गंमत म्हणजे अवघड गणितं सगळ्यांची बरोबर आहेत. सहा वजा, कंसात वजा दोन. बरोबर. वजा दोन गुणिले वजा पाच. बरोबर. मी इतकी वर्षं पेपर बघतेय, सागर. मुलं चुकतात. पण प्रत्येक जण आपापलं चुकतो. अशी परेड करून नाही चुकत."

"हं," मी म्हणालो.

"आणि मिस्टर फॅरो टेस्टच्या वेळी हॉलसमोरून जात होते. त्यांनी खाणाखुणा बघितल्या."

"कसल्या?"

त्यांनी हातातला कॉफीचा मग खाली ठेवला आणि दोन्ही हात छातीसमोर धरले. एक हात आडवा, एक उभा. अधिकचं चिन्ह. "अशा. बऱ्याच मुलांच्या. काही जण टेबलाखाली करत होते."

ती खूण मला ओळखीची होती. ती माझीच होती. मीच शोधलेली, मीच शिकवलेली. टेस्टच्या दिवशी हॉलमध्ये देखरेखीला मी एकटाच होतो. पोरं हात आडवे-उभे करताना मला स्वच्छ दिसली होती आणि मला अभिमान वाटला होता. म्हटलं, वा, शिकवलेलं वापरतायत.

पण त्या क्षणी मी एक अक्षर बोललो नाही.

मिस पुढे म्हणाल्या, "कॉपी असेल तर टेस्ट रद्द. सत्तावीस घरी पत्रं, शाळा सुटल्यावर डिटेन्शन, प्रत्येकाच्या रेकॉर्डवर नोंद. बुधवारी दुपारपर्यंत मला हेडना कळवायचंय. तू हॉलमध्ये एकटा होतास, पहिलं वर्ष आहे, तुझं मी समजू शकते. थोडं लक्ष कमी पडलं, एवढंच. पण हे कॉपी नसेल..."

"तर?"

"तर हे कुणीतरी शिकवलंय. आणि शुक्रवारी तुझ्या कॉन्ट्रॅक्टची मीटिंग आहे."

ते मला माहीत होतं. माझं कॉन्ट्रॅक्ट एका वर्षाचं, व्हिसा शाळेच्या स्पॉन्सरशिपवर. शाळेनं पुढे ठेवलं नाही तर ठरलेल्या मुदतीत दुसरी शाळा शोधायची. नाही सापडली तर बार्शी. बार्शीबद्दल माझी काही तक्रार नाही. पण मी निघालो तेव्हा मित्रांनी चौकात फ्लेक्स लावला होता. 'बार्शीचा ढाण्या वाघ निघाला लंडनला.' मी गॉगल घालून, मागे लंडनचं घड्याळ, खाली बावीस शुभेच्छुकांचे फोटो. त्यातल्या चौघांना मी ओळखत नाही. असा फ्लेक्स लागल्यावर माणसाला परत जायला जागाच राहत नाही.

"मी बघतो काय झालंय ते," मी म्हणालो आणि गठ्ठा घेऊन बाहेर आलो.

आता हे झालं कसं, ते सांगतो.

आमची शाळा हाउन्सलोत. हीथ्रोला उतरणारी विमानं आमच्या छपराला विचारून उतरतात. दर दीड-दोन मिनिटांनी एक. जुनी खिडकी उघडी असेल तर टीचरनं थांबायचं, विमान गेलं की वाक्य पुढे. पोरांना सवय आहे. मला सप्टेंबरमध्ये नव्हती. मी विमानाच्या वरताण ओरडायचो. घसा बसला. मग मी त्या वेळात नकला करायला लागलो. आवाज लागत नाही, नुसते हातवारे. डिनर लेडी, म्हणजे दुपारचं जेवण वाढणारी बाई (इथल्या शाळेत दुपारच्या जेवणाला डिनर म्हणतात), चिप्स मोजून वाढते ती. ट्यूबमधला, म्हणजे भुयारी रेल्वेतला, दार लागतानाचा माणूस. मिस प्रिचर्ड चष्म्यावरून बघतात त्या. पोरं खूष. सेट फोर माझ्या वर्गात वेळेवर यायला लागला. ही इथे बातमी असते.

ऋण संख्या सुरू केल्या तेव्हा मात्र गाडी अडली. सहा वजा, कंसात वजा दोन. पोरं म्हणायची चार. मी म्हणायचो आठ. ती म्हणायची, "व्हाय, सर?" मी थर्मामीटर काढला, संख्यारेषा काढली. विमानं चालूच. तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी मी घाडगे सरांना आणलं.

घाडगे सर म्हणजे बार्शीत मला सातवीला गणित शिकवणारे. मान थोडी वाकडी, रुमाल कॉलरच्या आत, आणि आवाज असा की शेजारच्या वर्गाचासुद्धा गृहपाठ व्हायचा. "वजा वजा... काय?" आख्खा वर्ग: "अधिक!" मी त्यांची नक्कल सातवीपासून करतोय. गॅदरिंगला बक्षीस आहे. खुद्द सरांच्या हस्ते.

तर मी मान वाकडी केली, रुमाल कॉलरमध्ये खोचला, आणि त्यांच्याच सुरात इंग्लिश फाडलं. "टू मायनसेस मीट... व्हॉट?" एक हात आडवा, त्यावर दुसरा उभा. "प्लऽऽस!" रुसलेले दोन मायनस बसमध्ये भेटतात, एक उभा राहतो, एक आडवा होतो, मिठी मारतात, झाला प्लस. अशी गोष्टपण जोडली.

वर्ग कोसळला. दुसऱ्या दिवशी डिनर क्यूमध्ये पोरं हात आडवे-उभे करून ओरडत होती. त्या आठवड्यात मी मिनी व्हाइटबोर्डवर गणितं घेतली. मिनी व्हाइटबोर्ड म्हणजे पाटीच, पांढरी. प्रत्येकानं उत्तर लिहायचं, टीचर म्हणणार थ्री, टू, वन, शो मी, की सगळ्यांनी एकदम वर धरायची. एका नजरेत कुणाला येतंय ते कळतं. अठ्ठावीस पाट्या वर, अठ्ठावीस बरोबर. मी फोटो काढून बार्शीच्या ग्रुपवर टाकला.

फक्त एक झालं होतं. मी दिलेलं प्रत्येक गणित दोन मायनस भेटणारं होतं. जिथे ते भेटतच नाहीत, असं एकही दिलं नव्हतं. हे मला तेव्हा कळलं नाही. खरं सांगायचं तर सोमवारी मिसच्या ऑफिसमधून बाहेर पडतानाही पूर्ण कळलं नव्हतं. माझ्या डोक्यात एवढंच होतं: खूण माझी आहे, पण खुणेनं कॉपी करता येते, तर फॅरो म्हणतात तसं झालंही असेल. माणसाला सोयीचं असेल तर तो कशावरही विश्वास ठेवतो.

मंगळवारी तिसऱ्या तासाला मी वर्गाला सरळ विचारलं. "टेस्टमध्ये कुणी कॉपी केली?"

एक विमान गेलं.

मग मागच्या बाकावरून जस बोलला. जस म्हणजे जसकरन, वर्गाचा विदूषक. माझ्यानंतर दुसऱ्या क्रमांकाचा. "सर, कॉपी करायची तर कुणाची? वी आर सेट फोर."

वर्ग हसला. मलाही हसू आलं. मुद्दा बिनतोड होता.

"मग वजा तीन वजा पाच आठ कसं आलं?"

"तुम्हीच शिकवलं, सर."

"मी? कधी?"

"करून दाखवू?"

मी खडू म्हणजे मार्कर त्याच्या हातात दिला आणि त्याच्या खुर्चीत जाऊन बसलो. जस पुढे गेला. पहिल्यांदा त्यानं पँट वर ओढली. मी ओढतो म्हणे, दर चार वाक्यांनी. मग शेजारच्या पोरीचा स्कार्फ घेऊन कॉलरमध्ये खोचला. मान वाकडी केली. बोर्डवर −३ − ५ लिहिलं आणि तोंड उघडलं.

आवाज घाडगे सरांचा होता. बार्शी ते हाउन्सलो, व्हाया मी. हाउन्सलोत जन्मलेलं पंजाबी पोरगं, त्यानं घाडगे सरांना जन्मात बघितलं नाही, आणि मान बरोबर तेवढीच वाकडी.

"ओके, ओके, ओके! हाऊ मेनी मायनसेस?"

वर्ग: "टू!"

"टू मायनसेस मीट... व्हॉट?"

वर्ग, हात आडवे-उभे: "प्लऽऽस!"

"थ्री, फाइव्ह?"

"एट!"

"व्हेरी गुड! नेक्स्ट!" आणि पँट वर.

अर्ध्या मिनिटात सगळं संपलं. पहिली दहा सेकंद मी सगळ्यात मोठ्यांदा हसत होतो. नंतर थांबलो. कारण जसनं काही वगळलं नव्हतं. मी शिकवलेलं होतंच तेवढं.

दोन मायनस कधी भेटतात, कधी भेटत नाहीत, हे मी सांगितलंच नव्हतं. घाडगे सरांनी सांगितलं असणार. 'वजा वजा अधिक' म्हणायच्या आधी त्यांनी पंधरा दिवस काहीतरी शिकवलं असणार, नाहीतर आम्ही पास कसे झालो? पण ते पंधरा दिवस मला आठवत नाहीत. मला आवाज आठवतो, मान आठवते, रुमाल आठवतो. नक्कल करणाऱ्याला तेवढंच आठवतं.

बेल झाली. सगळे गेले, अन्वी थांबली. अठ्ठावीसातली ती एक, जिचं उत्तर बरोबर होतं. तिची आई जवळच्या हॉस्पिटलमध्ये डॉक्टर आहे. मूळची नागपूरची. अन्वी वर्गात इंग्लिश बोलते, एकटी असली की माझ्याशी मराठी. तिचं मराठी घरात बनलंय, त्यामुळे थोडं घरगुती आहे.

"सर, जस ट्रबलमध्ये आहे का?"

"नाही गं. तू मला सांग, तू वजा आठ कसं लिहिलंस?"

"मम्माचा हॉस्पिटलमध्ये कार पार्क आहे ना, खाली? मायनस वन, मायनस टू, मायनस थ्री. आम्ही मायनस थ्रीला पार्क करतो. लिफ्ट तिकडून अजून फाइव्ह खाली गेला तर तो वर कसा येणार? तो खालीच जाणार ना."

"मग वर्गात का नाही बोललीस? मी चुकीचं सांगत होतो ना?"

तिनं बॅगेचा पट्टा ओढला. "मी सांगणार होती. पण सगळे लाफ करत होते. आणि तुम्ही पण खूप हॅपी होता."

ती गेली. मी पुढचा तास कसा घेतला ते आठवत नाही.

दुपारी स्टाफरूममध्ये फॅरो भेटले. किटलीपाशी उभे होते. माणूस वाईट नाही. त्यांनाच अवघड झालं होतं. "तुला अडचणीत टाकलं नाही ना रे मी? पण खुणा मी बघितल्या, ते खरं आहे."

"हो, खुणा होत्या," मी म्हणालो.

"मग तेवढंच सांग. खुणा होत्या. पोरं करतात असले उद्योग. दोन डिटेन्शन होतात, महिन्यानं कुणाला आठवतही नाही."

आणि ते बरोबर होतं. 'खुणा होत्या' हे वाक्य शंभर टक्के खरं होतं. बुधवारी मिसना एवढंच सांगायचं आणि गप्प बसायचं. माझं कॉन्ट्रॅक्ट वाचलं असतं. बसमध्ये घरी जाताना मी ते वाक्य वेगवेगळ्या आवाजात म्हणून बघितलं. मनातल्या मनात. मिस प्रिचर्डच्या आवाजात, फॅरोंच्या, ट्यूबमधल्या माणसाच्या. सगळ्यांच्या आवाजात बरं वाटत होतं. फक्त माझ्या स्वतःच्या आवाजात बसत नव्हतं. शिवाय जसचं ते वाक्य मध्येच यायचं. कॉपी करायची तर कुणाची. पत्र जस आणि इतर सव्वीस पोरांच्या घरी जाणार होतं, आणि त्यांनी केलं काय होतं? सरांनी सांगितलं ते, सरांनी सांगितलं तसं, एकही चूक न करता.

बुधवारी सकाळी मी मिसच्या ऑफिसमध्ये गेलो.

"मिस, कॉपी नाहीये. मी शिकवलंय."

"काय शिकवलंयस?"

"सांगण्यापेक्षा करून दाखवतो."

दार लावून घेतलं. रुमाल काढला, कॉलरमध्ये खोचला, मान वाकडी केली आणि आख्खं सादर केलं. बसमधले रुसलेले मायनस, मिठी, प्लस. हात आडवा, हात उभा. वेल्सच्या बाईंसमोर बार्शीचे घाडगे सर, सकाळी सव्वाआठला.

मिस हसल्या नाहीत. चष्म्यावरून बघत राहिल्या.

"परत कर," त्या म्हणाल्या.

परत केलं.

"हे फार चांगलं आहे," त्या म्हणाल्या. "मीसुद्धा आठच लिहिलं असतं."

मला हसावं की माफी मागावी कळेना. मी रुमाल खिशात घातला.

"फॅरोला खुणा दिसल्या त्या ह्या?"

"हो. ती पोरं आठवत होती. सांगत नव्हती एकमेकांना."

"हे तुला सोमवारी माहीत होतं?"

"खूण माझी आहे, हे माहीत होतं."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाल्या, "पत्रं जाणार नाहीत. उद्या तिसऱ्या तासाला मी तुझ्या वर्गात मागे बसतेय. प्रश्न सातवा परत शिकव. आणि सागर, आवाज नकोत. एकही."

"शुक्रवारचं?"

"आधी गुरुवार होऊ दे."

ऑब्झर्वेशन म्हणजे काय ते सांगतो. कुणीतरी मागे क्लिपबोर्ड घेऊन बसतं आणि तुम्ही जणू ते नाहीतच असं शिकवायचं. नवऱ्याकडची मंडळी बघायला आलीत आणि मुलीनं पोहे करताना त्यांच्याकडे बघायचंच नाही, तसा प्रकार.

गुरुवारी सकाळी लवकर जाऊन मी बोर्डशेजारच्या भिंतीवर जमिनीपासून छतापर्यंत मास्किंग टेपची पट्टी चिकटवली. त्यावर स्टिकी नोट्स. वर दहापर्यंत, मध्ये शून्य, खाली वजा दहापर्यंत. पुठ्ठ्याची एक लिफ्ट केली. कल्पना अन्वीची, हे मी वर्गाला सांगितलं. ती लाल झाली आणि दप्तरात काहीतरी शोधायला लागली.

"लिफ्ट वजा तीनवर उभी आहे," मी म्हणालो. साध्या आवाजात. माझा साधा आवाज इतका साधा आहे हे मलाच माहीत नव्हतं.

जसनं हात वर केला. "सर, तुम्हाला बरं नाहीये का?"

"बरं आहे. बघ. वजा तीन वजा पाच. ह्यातला पहिला वजा काय सांगतो?"

मागे मिसचं पेन चाललेलं.

"लिफ्ट कुठे आहे ते सांगतो," मी म्हणालो. "तो पत्ता आहे. वजा तीन हा मजल्याचा पत्ता. आणि मधला वजा? तो हुकूम आहे. खाली जा. किती? पाच. एक वजा पत्त्यातला, एक हुकुमातला. ते भेटलेच नाहीत. एक दारावर लिहिलाय, एक लिफ्टमनच्या तोंडात आहे."

विमान आलं. आम्ही थांबलो. पोरं माझ्याकडे आशेनं बघत होती. काहीतरी करेल. मी नुसता उभा राहिलो. ती चाळीस सेकंद माझ्या नोकरीतली सगळ्यात लांब आहेत.

विमान गेलं. "पाट्या. वजा तीन वजा पाच. लिहा."

आणि निम्म्या वर्गाचे हात आपोआप वर गेले. आडवे, उभे. जसचेसुद्धा. त्यानं प्लस केला, भिंतीवरच्या लिफ्टकडे बघितलं, मग एक हात खाली घेतला, आणि पाटीवर लिहिलेलं पुसलं.

थ्री, टू, वन, शो मी. एकोणीस बरोबर. नऊ जणांचं अजून आठच.

मग मी सहा वजा, कंसात वजा दोन दिलं. हे त्यांना आधी येत होतं. आता दहा जणांनी चार लिहिलं. कारण आता सगळे खालीच निघाले होते. एक बरोबर करायला जावं तर दुसरं बिघडतं, नळाच्या कामासारखं. मिस लिहितच होत्या.

मी एका कार्डावर लिहिलं: 'दोन खाली जा.' ते वर धरलं. "हे कंसातलं वजा दोन. हा हुकूमच आहे. आणि कंसाबाहेरचा वजा म्हणतो, हा हुकूम उलटा करा." मी कार्ड अन्वीकडे दिलं. "तू लिफ्टमन. उलटा हुकूम. कुठे जाशील?"

अन्वीनं लिफ्ट सहावरून उचलली. क्षणभर थांबली. मग आठवर नेऊन चिकटवली.

"म्हणजे हितं भेटले," मागून एक पोरगी म्हणाली. मी अर्थात मराठीत सांगतोय, ती म्हणाली, "सो दे मेट हिअर." माझी इच्छा झाली की मान वाकडी करावी आणि प्लऽऽस म्हणावं. मी टेबलाची कड धरून ठेवली.

तास संपताना पाच गणितांची छोटी टेस्ट घेतली, कागदावर. दोन मायनस भेटणारी, न भेटणारी, मिसळून. पहिल्यांदा शिकवतानाच मी मिसळायला पाहिजे होती तशी. पेपर परत फॅरोंकडे गेले. ते त्यांनी डिनरच्या वेळातच तपासले, स्वतःहून. अठ्ठावीसपैकी तेवीस बरोबर. पाच जणांचं वजा तीन वजा पाच अजून आठच. पण प्रत्येकाच्या बाकीच्या चुका वेगवेगळ्या. फॅरो म्हणाले, "आता ही माणसांची चूक दिसते."

शुक्रवारी चार वाजता मीटिंग झाली. हेड होत्या, मिस होत्या. मला बाहेर दहा मिनिटं बसवलं. मग आत बोलावलं.

"पर्मनंट नाही," मिस म्हणाल्या. "यंदा नाही. अजून एक वर्षाचं कॉन्ट्रॅक्ट, स्पॉन्सरशिपसकट. पुढच्या वर्षी परत बघू. सोमवारीच बोलला असतास तर कदाचित आजचा निकाल वेगळा असता."

"हो, मिस."

"आणि सप्टेंबरमध्ये डिपार्टमेंटच्या ट्रेनिंगला एक तास तू घेणार आहेस. विषय, मुलांचे गैरसमज कसे तयार होतात. तू एक सुरुवातीपासून तयार केलायस. असा अनुभव सगळ्यांकडे नसतो."

बाहेर आल्यावर घरी फोन केला. आईला सांगितलं, अजून एक वर्ष मिळालं. आई म्हणाली, "चांगलं झालं. काय शिकवतोस रे तिथं पोरांना?" मी म्हणालो, वजाबाकी. आई म्हणाली, "त्याला लंडन कशाला लागतंय?"

त्या पाच पोरांना मी अजून मंगळवारी डिनरनंतर वीस मिनिटं वेगळं घेतो. चौघांचं सुटलं. एकीचं अजून आठच येतं. तिला विचारलं तर म्हणते, सर, मला माहितीये ते मायनस एट आहे, पण तोंडात आधी तेच येतं.

नकला मी सोडलेल्या नाहीत. पण आता तास संपताना करतो, शेवटच्या तीन मिनिटांत. पोरं दप्तर भरत असतात आणि तेव्हा कुणी काही शिकत नाही. वर्गात जे गमतीचं असतं ते पोरं जन्मभर विसरत नाहीत. त्यामुळे गमतीत सांगायचं असेल तर आधी ते स्वतःपुरतं एकदा कंटाळवाण्या आवाजात म्हणून बघावं. कंटाळवाण्या आवाजातही ते खरं वाटलं, तरच वर्गात सांगावं.